खरा नाद आणि गोड नाद

घरांत गाणें ऐकण्याचें जें यंत्र असतें त्याच्या दर्शनी फळीवर बहुधा दोन लहान कळा असतात. एकीवर ‘बेस’ व दुसरीवर ‘ट्रेबल’ असें लिहिलेलें असतें. पहिली फिरविली म्हणजे खर्जाकडील स्वर भरदार किंवा बारीक होतात. दुसरी फिरविली म्हणजे टिपेकडील स्वरांना धार चढते किंवा उतरते. हल्लीं कित्येक यंत्रांत या कळा नाहींशा होऊन त्यांचें काम मोबाईलच्या कांचेवरील रेघा करितात. परंतु काम तेंच. या कळांकडे कोणी फारशा गांभीर्यानें पाहत नाहीं. मुलें त्या वाटेल तशा फिरवितात, वडील माणसें त्या पुन्हां मध्यावर आणून ठेवितात, आणि घरांतील लहानसहान तंट्यांत आणखी एकाची भर पडते. परंतु या दोन कळांच्या मागें शंभराहून अधिक वर्षांचा एक वाद उभा आहे, आणि तो केवळ यंत्रज्ञांनीं सोडवावयाचा वाद नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आम्हांस त्याची जाणीव एका घरगुती प्रसंगानें झाली. आमच्या आत्याबाईंनीं लहानपणीं बालगंधर्वांचें गाणें समोर बसून ऐकलें होतें. कांहीं वर्षांपूर्वीं त्या आमच्याकडे राहावयास आल्या असतां आम्हीं मोठ्या हौसेनें बालगंधर्वांच्या एका जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेलें पद लाविलें. आत्याबाईंनीं क्षणभर ऐकलें आणि त्या म्हणाल्या, “पद त्यांचंच रे; पण आवाज बोळक्यांतून आल्यासारखा वाटतो.” आमच्या चिरंजीवांनीं उठून खर्जाची कळ किंचित् चढविली आणि टिपेची थोडी उतरविली. “हां, आतां जरा जवळ आले,” त्या म्हणाल्या. चिरंजीवांस हुरूप येऊन त्यांनीं कळ आणखी फिरविली. “आतां पुन्हां लांब गेले,” असें म्हणून आत्याबाईंनीं मान हलविली. या सर्व वेळांत आम्ही स्वस्थ बसून होतों. कारण तीन वेळां बदललेल्या त्या आवाजांपैकीं कोणता खरा, हें सांगण्याचें कसलेंहि साधन आमच्यापाशीं नव्हतें. आम्हांस तिन्ही आवाज बालगंधर्वांचेच वाटत होते.

मूळचा नाद जसा होता तसा ऐकणें हें खरें, कीं ऐकणाराच्या कानास जो रुचेल तो नाद मिळविणें हें खरें, असा हा प्रश्न आहे. घरगुती ध्वनियंत्राचा इतिहास पाहूं गेल्यास या दोन उत्तरांमध्यें तो सारखा हेलकावे खात आलेला दिसतो.

एडिसननें १८७७ सालीं बोललेला शब्द कथलाच्या पातळ पत्र्यावर उतरवून दाखविला, आणि दहा वर्षांनीं, म्हणजे १८८७ सालीं, बर्लिनर यानें चपट्या तबकडीच्या ग्रामोफोनाचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून १९२५ सालापर्यंत ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग होत नसे. गाणारानें एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें, त्या आवाजाच्या धक्क्यानें कर्ण्याच्या टोकाशीं असलेला पातळ पडदा हलावयाचा, आणि त्या पडद्यास जोडलेल्या सुईनें मेणांत रेघ कोरावयाची, अशी ती रीति होती. या रीतीनें दर सेकंदास सुमारें २५० कंपनांपासून सुमारें २५०० कंपनांपर्यंतचाच नाद नीटपणें पकडला जाई. पेटीच्या मधल्या सप्तकांतील पहिल्या पांढऱ्या पट्टीचीं कंपनें सुमारें २६० असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे खालच्या बाजूचें किती द्रव्य गळून जात असेल याची कल्पना येईल. वरच्या बाजूस तर ‘स’ आणि ‘श’ या वर्णांचा शीत्कारच नाहींसा होई. तरीहि ऐकणारास खालचा स्वर ऐकूं आल्याचा भास होत असे; कारण एखाद्या स्वराचा पाया गळाला तरी त्याचे वरचे सहस्वर ऐकून कान तो पाया स्वतःच भरून काढतो. मनुष्याच्या कानाची ही उदारता नसती तर ग्रामोफोनाचा धंदा पहिल्या वर्षींच बसला असता.

यंत्र नादाशीं जुळवून घेईना, तेव्हां नादालाच यंत्राशीं जुळवून घ्यावें लागलें. पाश्चात्य वाद्यवृंदांतील मोठ्या खर्जाच्या तंतुवाद्याचा आवाज कर्णा पकडीना, म्हणून त्याच्या जागीं पितळी ट्यूबा बसविण्यांत येई. ऑगस्टस स्ट्रो यानें १८९९ सालीं व्हायोलिनाची लांकडी पेटीच काढून टाकून तिच्या जागीं धातूचा पडदा आणि कर्णा बसविला, तो पुढें ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत फार उपयोगीं पडला. आमच्या देशांत १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गेसबर्ग यानें कलकत्त्यास गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें तें याच कर्ण्यानें. मुद्रित नाद मूळच्या नादाची नक्कल असतो असें आपण समजतों. परंतु येथें तर मूळचा नादच नकलेच्या सोयीसाठीं बदललेला होता.

घरीं ऐकणारापाशींहि त्या काळीं आवाजाचा पोत बदलण्याचीं साधनें होतीं, मात्र तीं फार साधीं होतीं. पोलादी सुया जाड व बारीक अशा निरनिराळ्या मिळत. जाड सुईचा आवाज मोठा व ठणठणीत, बारीक सुईचा आवाज सौम्य. कोणी बांबूच्या सुया वापरीत; त्यांनीं वरच्या स्वरांची कडकी कमी होई. अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें १९०६ सालीं ‘व्हिक्ट्रोला’ नांवाचें कपाटवजा यंत्र काढलें. त्याचा कर्णा आंत लपविलेला असून पुढें दोन झडपा असत. झडपा उघडल्या म्हणजे आवाज मोठा व उजळ, मिटल्या म्हणजे मऊ. आजच्या आपल्या कळांचे पूर्वज कोणते म्हणाल, तर या सुया आणि या झडपा.

याच सुमारास एडिसनच्या कंपनीनें एक धाडसी उपक्रम आरंभिला. १९१५ पासून सुमारें दहा वर्षें अमेरिकेंतील गांवोगांवच्या सभागृहांत ‘टोन टेस्ट’ या नांवाचे प्रयोग झाले. रंगमंचावर एडिसनचें यंत्र आणि त्याच्या शेजारीं प्रत्यक्ष गायिका, अशी मांडणी असे. गायिका आपल्याच तबकडीबरोबर गाई, मध्येंच थांबे, पुन्हां सुरू करी. मग दिवे मालवीत, आणि अंधारांत कोण गात आहे हें ओळखण्यास प्रेक्षकांस सांगत. दिवे लागल्यावर गायिका निघून गेलेली असून यंत्रच गात आहे असें दिसे, आणि टाळ्यांचा कडकडाट होई. यंत्र व मनुष्य यांच्या नादांत फरक उरला नाहीं, अशी कंपनीनें ग्वाही फिरविली. ज्या यंत्राची मर्यादा वर सांगितली तशीच कांहींशी होती, त्यानें सहस्रावधि लोकांस फसविलें कसें? याचें अर्धें उत्तर ॲना केस या गायिकेनें पुष्कळ वर्षांनीं, वृद्धपणीं, देऊन टाकलें. प्रयोगाच्या वेळीं आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजासारखा करून गात होतों, असें तिनें सांगितलें. उरलेलें अर्धें उत्तर प्रेक्षकांच्या कानांत होतें. त्यांस यंत्राचा नाद ऐकण्याची संवय झाली होती, आणि जो नाद संवयीचा होतो तो लवकरच खराहि वाटूं लागतो.

या संवयीचा पुरावा १९२५ सालीं उघड झाला. त्या वर्षीं वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीची विजेवर चालणारी मुद्रणपद्धति प्रचारांत आली. बेल प्रयोगशाळेंतील मॅक्सफील्ड व हॅरिसन या दोघांनीं ती सिद्ध केली होती, आणि तिला साजेसें ‘ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला’ हें घरगुती यंत्रहि त्याच वर्षाच्या अखेरीस विकावयास आलें. आतां नादाची व्याप्ति दर सेकंदास सुमारें १०० कंपनांपासून ५००० कंपनांपर्यंत गेली. खर्ज परत आला, ‘स’ व ‘श’ परत आले. सर्वांनीं आनंदानें नाचावें असा हा प्रसंग. परंतु तसें झालें नाहीं. इंग्लंडांत १९२३ सालीं ‘द ग्रामोफोन’ हें मासिक सुरू करणारे कॉम्प्टन मॅकेंझी यांच्यासारख्या जाणत्या रसिकांस हा नवा आवाज प्रथम कर्कश वाटला व त्यांनीं तो नापसंत केला. पुढें त्यांचें मत पालटलें, तो भाग निराळा. यांत मॅकेंझी यांस हंसण्याचें कारण नाहीं. ज्या कानांनीं वर्षानुवर्षें अर्ध्या नादावर प्रेम केलें, त्यांस पूर्ण नाद आगंतुक वाटणारच. तसेंच विजेनें खऱ्या नादाबरोबर कांहीं खरे दोषहि स्पष्ट ऐकविले, हेंहि न्यायाचें म्हणून सांगितलें पाहिजे.

एवढ्यावर प्रश्न यंत्राच्या सुधारणेचाच राहिला असता. परंतु १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं कानाचीच परीक्षा घेतली, आणि कान हा सरळ मापाचा काटा नव्हे हें आंकड्यांनीं दाखवून दिलें. दर सेकंदास १००० कंपनांचा एक मध्यम सूर ४० डेसिबेल इतक्या हळू आवाजांत वाजत असेल, तर त्याच्याइतकाच मोठा भासण्यासाठीं १०० कंपनांचा खर्जाचा सूर त्याहून वीसापेक्षां अधिक डेसिबेलनें बलवान् करावा लागतो. आवाज जसजसा मोठा करावा तसतसा हा फरक कमी होत जातो. याचा घरगुती अर्थ फार महत्त्वाचा आहे. सभागृहांत मोठ्यानें झालेली मैफल रात्रीं शेजाऱ्यांची झोप न मोडतां हळू आवाजांत लाविली, तर यंत्र कितीहि निर्दोष असलें तरी खर्ज क्षीण होऊन मैफल पातळ वाटणार. म्हणूनच पुढें कित्येक यंत्रांवर ‘लाउडनेस’ नांवाचें बटण आलें. तें दाबलें असतां हळू आवाजांत खर्ज आपोआप चढतो. म्हणजे नादाचा समतोल तबकडींत किंवा यंत्रांत कायमचा कोरलेला नसून ऐकण्याच्या पट्टीबरोबर तो बदलतो. जो मनुष्य कळेस हात न लावणें हेंच प्रामाणिकपणाचें लक्षण मानतो, त्यानें आवाज लहान करतांना खर्जहि नकळत उतरविलेला असतो.

यानंतर वादाचा कस लागला तो अमेरिकेंत १९४५ ते १९५६ या काळांत, आणि तो कस लावणारे तीन प्रयोग आमच्या मतें या सर्व इतिहासांतील अत्यंत मनोरंजक होत. १९३० नंतरच्या रेडिओंवर स्वर बदलण्याची एकच कळ असे व ती बहुधा टिपेचे स्वर कापण्याचें काम करी. लोक ती कापलेल्या बाजूसच ठेवीत. कारण तिनें खरखरहि कमी होई. १९४५ सालीं चिन व आयझेनबर्ग यांनीं श्रोत्यांची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हां बहुतेकांनीं पूर्ण व्याप्तीच्या नादापेक्षां आंखूड किंवा मध्यम व्याप्तीचाच नाद पसंत केला. झालें! लोकांस खरा नाद नकोच आहे, त्यांस मऊ नाद हवा आहे, असा निष्कर्ष काढणें सोपें होतें.

परंतु आर. सी. ए. कंपनीच्या हॅरी ऑल्सन यांनीं एक साधी गोष्ट विचारली. लोकांस नको आहे तो पूर्ण नाद, कीं पूर्ण नादाबरोबर यंत्रांतून येणारे दोष? १९४७ सालीं त्यांनीं यंत्रच मधून काढून टाकलें. एका खोलींत वादकांचा लहानसा मेळ बसविला, समोर श्रोते बसविले, आणि मध्यें पडद्याआड अशी एक चाळणी ठेविली कीं ती लाविली असतां ५००० कंपनांच्या वरचा नाद अडावा व काढली असतां सर्व नाद मोकळा यावा. वीज नाहीं, सुई नाहीं. फक्त नाद आणि चाळणी. या परीक्षेंत स्पष्ट बहुमत मोकळ्या नादाच्या बाजूनें पडलें. लोकांचे कान वाईट नव्हते. त्यांस मिळत आलेला वरचा नादच दूषित होता, आणि शहाण्या माणसाप्रमाणें त्यांनीं दूषित भाग कापून टाकला होता.

तिसरा प्रयोग १९५६ सालीं रॉजर कर्क यांनीं प्रसिद्ध केला. त्यांनीं कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या निरनिराळ्या गटांस कांहीं आठवडे निरनिराळ्या व्याप्तीचें संगीत ऐकविलें. ज्यांनीं आंखूड नाद ऐकला त्यांची आवड आंखूड नादाकडे झुकली. ज्यांनीं पूर्ण नाद ऐकला त्यांची आवड पूर्ण नादाकडे वळली. हे तिन्ही प्रयोग एकत्र ठेविले म्हणजे त्यांचा परस्परविरोध नाहींसा होतो. निर्मळ नाद समोर असेल तर बहुतेक माणसें पूर्ण नाद निवडतात. परंतु तोच कान कांहीं आठवडे अर्ध्या नादावर ठेविला तर त्याची निवड बिघडते. रुचि ही मूळची आंधळी नसते. तिला आंधळें करतां येतें, आणि पुन्हां डोळसहि करतां येतें. साहित्याच्या रुचीविषयीं आम्ही वर्गांत जें सांगत आलों, तें कानाच्या बाबतींत प्रयोगानें सिद्ध झालेलें पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें.

याच काळांत घरगुती कळांना आजचें रूप आलें. १९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें दीर्घ वाजणारी तबकडी काढली. तबकडी कोरतांना खर्ज मुद्दाम कमी करावा लागतो, नाहीं तर रेघ इतकी नागमोडी होते कीं शेजारच्या रेघेंत घुसते; आणि टीप मुद्दाम चढवावी लागते, म्हणजे ती खरखरीच्या वर राहते. वाजवितांना याच्या उलट करून मूळ प्रमाण परत आणावयाचें असतें. परंतु किती कमी करावयाचें व किती चढवावयाचें याविषयीं प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा. १९५४ सालीं अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघानें, म्हणजे ‘रिआ’नें, एक प्रमाण ठरविलें व हळूहळू तें जगभर रूढ झालें. त्या प्रमाणानुसार वाजवितांना १००० कंपनांच्या मानानें २० कंपनांचा नाद सुमारें २० डेसिबेलनें चढविला जातो आणि २०,००० कंपनांचा नाद सुमारें तितकाच उतरविला जातो. त्यापूर्वींच्या तबकड्यांस मात्र असें एकच प्रमाण नाहीं. त्या आज उतरवून घेणाराला कोणत्या हिशेबानें वाजवाव्या हें स्वतः ठरवावें लागतें. आमच्या आत्याबाईंनीं ऐकलेला आवाज आमच्या घरीं येण्यापूर्वींच कोणा अज्ञात तंत्रज्ञाच्या निवडींतून गाळून आला होता, हें आम्हांस पुष्कळ उशिरां उमगलें.

इंग्लंडांतील पीटर बॅक्सँडॉल यांनीं ऑक्टोबर १९५२ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत खर्ज व टीप दोन्ही स्वतंत्रपणें चढविण्याउतरविण्याची एक योजना छापली. कळ मध्यावर असतां नादांत कांहींच फरक न पडणें आणि कोणत्याहि बाजूस फिरविली असतां विकृति अल्प राहणें, हे तिचे गुण. जगांतील असंख्य यंत्रांत तीच किंवा तिच्यावरून निघालेली योजना बसविली गेली. १९५४ सालीं गिल्बर्ट ब्रिग्ज यांनीं लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें प्रत्यक्ष वादन व ध्वनियंत्र यांची शेजारींशेजारीं तुलना श्रोत्यांसमोर मांडली. एडिसनचा जुना खेळच हा. परंतु या वेळीं यंत्राच्या बाजूस तीस वर्षांची खरी प्रगति उभी होती.

यंत्रें अशीं सुधारलीं, तशी कळांविषयीं अप्रीति उत्पन्न झाली. पुढील कांहीं दशकांत महागड्या अँप्लिफायरांवरून या कळा कित्येक कारखानदारांनीं काढूनच टाकल्या. मुद्रण करणारानें जें दिलें तें जसेंच्या तसें ऐकावें, मध्यें ढवळाढवळ करूं नये, असें त्यांचें म्हणणें. ‘क्वाड’ यंत्रांचे निर्माते पीटर वॉकर यांचें ध्येयहि मूळ नादाच्या शक्य तितकें जवळ जाण्याचें होतें; तथापि १९८२ सालच्या त्यांच्या एका यंत्रावर त्यांनीं एक मोठी समंजस कळ ठेविली. ती फिरविली असतां सर्व नादाची पट्टी तराजूच्या दांडीप्रमाणें मध्यावर टेकून एका बाजूस किंचित् वर व दुसरीकडे किंचित् खालीं जाते. जी तबकडी एकंदरीनें भडक असेल ती थोडी शांत करावी, जी मंद असेल ती थोडी उजळावी, इतकेंच तिचें काम. शुद्धतेचा एवढा अभिमानी मनुष्य ही कळ ठेवितो, याचा अर्थ त्यास तबकड्यांचा अनुभव होता.

त्या अनुभवाचें शास्त्रीय विवरण कॅनडांतील राष्ट्रीय संशोधन मंडळांत काम केलेले फ्लॉइड टूल यांनीं केलें आहे. मुद्रण करणारा आपल्या खोलींतील लाउडस्पीकरांवर ऐकून नादाचा समतोल ठरवितो. ते लाउडस्पीकर खर्ज जास्त देणारे असले तर तो खर्ज कमी करितो, आणि आपल्या घरीं तें गाणें पातळ वाजतें. लाउडस्पीकर बनविणारा आपला माल पारखतो तो पुन्हां अशाच मुद्रणांवर. म्हणजे मापानें माल मोजावा आणि त्याच मालानें माप तपासावें, असें हें चक्र आहे. तेव्हां कळ मध्यावर असणें म्हणजे सत्य नव्हे. ती केवळ कळेची विश्रांतीची जागा आहे. मात्र यावरून सर्वच मर्जीवर सोपवावें असेंहि ठरत नाहीं. टूल यांनीं १९८६ सालीं प्रसिद्ध केलेल्या परीक्षांत लाउडस्पीकर पडद्याआड ठेवून लोकांची पसंती विचारली, तेव्हां सपाट, खांचखळगे नसलेला आणि बाजूंसहि सारखा पसरणारा नादच उत्तम ठरला. १९९४ सालीं त्यांनीं व शॉन ऑलिव्ह यांनीं असेंहि दाखविलें कीं, तेच लाउडस्पीकर डोळ्यांसमोर असले कीं नांव, आकार व किंमत यांचा पगडा बसून मतें फिरतात. आपण जें कानानें ऐकलें म्हणून सांगतों, त्यांत डोळ्यांनीं ऐकलेलें पुष्कळ असतें.

मग घरांत करावें काय? प्रथम कळ नव्हे, खोली पाहावी. सुमारें ३०० कंपनांच्या खालीं जो नाद आपणांस ऐकूं येतो, त्यावर यंत्राइतकाच, किंबहुना अधिक, अंमल खोलीचा असतो. पांच मीटर लांबीच्या खोलींत सुमारें ३४ कंपनांचा स्वर व त्याच्या पटींतील स्वर कोठें फुगतात, कोठें लुप्त होतात. लाउडस्पीकर भिंतीस किंवा कोपऱ्यास चिकटविला कीं खर्ज फुगतो. एक-दोन हात पुढें आणला कीं आवरतो. बसण्याची खुर्चीहि हातभर पुढेंमागें सरकवून पाहावी. आमच्याकडील घरांत फरशी उघडी, भिंती गुळगुळीत व पडदे तुटपुंजे, यामुळें टीप आदळून परत येते. तेथें एक सतरंजी व एक पुस्तकांचें कपाट टिपेच्या कळेहून अधिक काम करितें. एवढें झाल्यावर मग कळ थोडीशी फिरवावी, ओळखीच्या मनुष्याच्या आवाजावर ती पारखावी, आणि दुसऱ्या दिवशीं ताज्या कानानें पुन्हां पाहावी. पन्नाशी ओलांडलेल्यांनीं आणखी एक पथ्य पाळावें. वयाबरोबर वरचे स्वर ऐकण्याची शक्ति ओसरत जाते. ती उणीव भरून काढण्यासाठीं टीप चढवीत गेल्यास घरांतील मुलांस तो जाच होतो.

असें कानानें जुळविणें म्हणजे लहर नव्हे, हें आम्हांस तंबोऱ्यानें पूर्वींच शिकविलें आहे. घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवीत सरकवीत वादक जवारी लावितो. केसभर इकडे किंवा तिकडे झालें कीं तार मुकी होते, आणि नेमक्या जागीं आली कीं सर्व सहस्वर फुलून येतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं या घोडीच्या चमत्काराची भौतिक मीमांसा केली. त्या धाग्याच्या जागीं कसलीहि खूण कोरलेली नसते. तरी जाणत्या दहा जणांस विचारलें तर ते जवळजवळ एकच जागा दाखवितात. कारण उघडी जवारी कशी बोलते हें त्यांनीं समोर बसून ऐकलेलें असतें.

आमची खरी चिंता येथें आहे. यंत्रें उत्तम झालीं, प्रमाणें ठरलीं, खोलीचें मोजमाप घेऊन स्वतःच समतोल साधणारीं साधनेंहि आलीं. परंतु हल्लीं मैफलींत गाणारासमोर मायक्रोफोन असतो, तंबोऱ्यासमोरहि असतो, आणि पहिल्या रांगेंतील श्रोतासुद्धां गळा ऐकत नाहीं, लाउडस्पीकर ऐकतो. घरीं यंत्र, सभागृहांत यंत्र, कानांत खोंचलेलें यंत्र. ज्यानें उघडा आवाज कधींच ऐकला नाहीं, त्यानें कळ कोणत्या मापानें फिरवावी? कर्क यांच्या विद्यार्थ्यांप्रमाणें त्याची आवड त्याच्या यंत्रानें घडविलेली असणार, आणि तीस तो खरा नाद समजणार. खरा नाद आणि गोड नाद यांचें भांडण मिटविण्याचा एकच मार्ग आम्हांस दिसतो: खरा नाद इतक्या वेळां ऐकावा कीं तोच गोड लागूं लागावा. घरांतील मुलांस महिन्यांतून एकदां तरी कोणाचें तरी गाणें, मग तें शेजारच्या मुलीचें कां असेना, मायक्रोफोनावांचून एका खोलींत बसून ऐकवावें. कोणत्याहि महागड्या यंत्रापेक्षां त्यांच्या कानांस तें अधिक उपयोगीं पडेल.

आत्याबाई गेल्या त्यास आतां तीन वर्षें झालीं. त्या दिवशीं “जवळ आले” असें त्या म्हणाल्या, त्या जागीं चिरंजीवांनीं दोन्ही कळांशेजारीं पेन्सिलीनें एक-एक बारीक रेघ मारून ठेविली होती. बालगंधर्वांचें पद लावावयाचें झालें म्हणजे आम्ही कळा त्या रेघांवर आणतों. आमच्या कानास तेथें विशेष कांहीं कळतें असें नाहीं. आम्ही आत्याबाईंच्या कानावर विश्वास ठेवितों.